वामनजींची चांगली बाजू

“गुडघ्याच्या वाटीवर नका मारू, म्याडम. वाटीच्या खाली, जिथं मऊ लागते तिथं.”

मी हातोडी जरा खाली धरून मारली. वामनजींचा उजवा पाय टुणकन उडाला.

“पाहा. आला का नाही? आता लिहून घ्या, उजवा झटका वाढलेला. आणि डावा नॉर्मल म्हणून लिहायचं विसरू नका. मागच्या वेळच्या पोरीनं डावं लिहिलंच नव्हतं, बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी तिला लय झापलं.”

असं हळू आवाजात सांगून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यापलीकडे माझे दोन परीक्षक चहा पीत बसले होते. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती, विषय मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांचा. प्रत्येकाला एक पेशंट मिळायचा. पाऊण तासात त्याला तपासायचं, मग परीक्षकांसमोर उभं राहून त्याला काय झालंय आणि तुम्ही त्याच्यासाठी काय कराल ते सांगायचं.

वामनजी कापगते मिळणं म्हणजे आमच्याकडे नशीब उघडणं. साकोलीकडचा माणूस. सारी उमर झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायकाची कामं केलेली. सहा वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि ते आमच्या नागपूरच्या कॉलेजात उपचाराला आले. पुढे उपचार संपले, पण दर परीक्षेला कॉलेज त्यांना बोलावत राहिलं आणि ते आनंदानं येत राहिले. त्यांची चाल अगदी पुस्तकातली. उजवा हात छातीशी मुडपलेला, उजवा पाय बाजूनं अर्धगोल फिरवून टाकलेला. शिवाय पुढचा प्रश्न काय येणार हे ते विद्यार्थ्याला आधीच सांगून ठेवायचे. सकाळी चिठ्ठीत त्यांचं नाव निघालं तेव्हा माझ्या मैत्रिणीनं मला चिमटा काढला होता.

मला नशिबाची गरजही होती. मी याच विषयात आधी एकदा नापास झाले होते. अभ्यास नव्हता असं नाही. परीक्षकांनी तोंडाकडे पाहिलं की माझा आवाज घशातच बसायचा. मागच्या खेपेला आमच्या पिंपळापुरे मॅडमनी शेवटी कंटाळून विचारलं होतं, “शलाका, निदान पेशंटचं नाव तरी सांग.” तेही मला सांगता आलं नव्हतं.

“हात कडक वाटते का नाही पाहा आता,” वामनजी म्हणाले.

मी त्यांचा उजवा हात कोपरातून सरळ करून पाहिला. कडक होता, पण काहीतरी चुकत होतं. अशा आजारात हात भरकन ओढला तर अडकतो आणि सावकाश ओढला तर सैल येतो, हे मी घोकलेलं होतं. हा हात मात्र मी कसाही ओढला तरी सारखाच अडत होता. हट्टी पोरानं मुठीत गोळी धरून ठेवावी तसा. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मी परत करून पाहिलं. घाम फुटला.

“घाबरू नका, म्याडम. वेळ आहे.”

स्वतःला सावरावं म्हणून मी सहज विचारलं, “तुमचं सगळ्यात गाजलेलं काम कोणतं हो, वामनजी?”

“जमीनदाराचं,” ते तत्काळ म्हणाले. “एंट्रीलाच बाया शिव्या द्यायला लागत. सिंदेवाहीकडे एका गावात एका म्हातारीनं चप्पल फेकून मारली. मी काय केलं? ती चप्पल उचलली, अशी डोक्याला लावली आणि म्हटलं, बाई, दुसरी बी दे, एक घेऊन घरी गेलो तर बायको विचारीन जोड कुठाय. सारा मांडव हसला. म्हातारी बी हसली. मग मी मिशीला पीळ दिला, असा, आणि उपरणं झटकलं—”

आणि ते थांबले. मीही थांबले. आम्ही दोघं त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत होतो. तो खांद्याच्या वर हवेत होता. बोटं मोकळी, मनगट डौलात वळलेलं. छातीशी मुडपलेल्या हाताचा त्यात मागमूस नव्हता.

“वामनजी,” मी म्हटलं, “हा हात तर बरा आहे.”

“हळू बोल, पोरी,” ते म्हणाले आणि हात हळूच छातीशी नेऊन ठेवला. जणू जागेवर ठेवला की मी विसरून जाईन.

“पाय?”

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “पाय बी. चार वर्षं झाली. गुडघ्याचा झटका तेवढा खरा आहे, तो काही मला करता येत नाही.”

“मग हे कशाला?”

“नाटक कंपनीवाले आता बोलावत नाहीत,” ते म्हणाले. “एकदा अंगावरून वारं गेलं म्हटलं का माणूस संपला. बरा झालो सांगायला गेलो तर म्हणाले, आराम करा. इथं मात्र गाडी करून बोलावतेत, खुर्ची देतेत. मोठमोठे डॉक्टर समोर बसतेत आणि मी चाललो का सारे पाय पाहतेत. मॅडम म्हणतेत, पाहा, किती क्लासिकल. तू नाट्यवाल्याले विचार, क्लासिकल म्हणणं म्हणजे काय असते.” मग गळ घातल्यासारखं म्हणाले, “तू काही बोलू नको. मी तुले सारी उत्तरं सांगतो. पास होशील.”

तो सौदा मी कबूल केला असता. खरं सांगते, मी वही पुढे ओढून लिहायलाही घेतलं होतं. उजवी बाजू झाली, म्हणून तुलनेसाठी डावी तपासायला गेले. विद्यार्थी डावी बाजू तपासतात म्हणजे नुसता हात लावतात. ती चांगली बाजू, तिच्यात बघायचं काय.

पण वामनजींचा डावा हात मांडीवर पडलेला होता आणि त्याचा अंगठा पहिल्या बोटावर फिरत होता. सावकाश, सारखा, चिमटीत तंबाखू मळत असावा तसा. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

म्हातारीच्या चपलेची गोष्ट मला पुन्हा आठवली. उजवा हात नाचला होता, डावा मात्र मांडीवरून उठलाच नव्हता. दोन्ही हातांनी मांडव हलवणाऱ्या माणसाचा.

मी डावं मनगट हातात धरून फिरवलं. ते दातेरी चाकासारखं अडकत अडकत आलं. हे मुद्दाम करता येत नाही. मी आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, “इथं दुखतं का?”

“छ्या. हा तर चांगला हात आहे.”

“मावशी बाहेर आहेत ना? त्यांना आत बोलावू?”

घरच्या माणसाकडून माहिती घ्यायची मुभा असते. वामनजींच्या पत्नी अनसूयाबाई आत आल्या, पदर सारखा केला आणि नवऱ्याच्या मुडपलेल्या उजव्या हाताकडे बघून म्हणाल्या, “पोरीपाशी बी चालू आहे का तुमचं?”

“अवो, तू गप राह्य,” वामनजी म्हणाले.

“काय गप राह्य. त्या हातानं गिरणीतून दळण आणतेत, बाई. उजवं सारं नाटक आहे, मला ठाऊक आहे. मी म्हटलं, माणूस खूश राह्यते ना, राहू द्या. पण डाव्याचं मला समजत नाही. सदऱ्याच्या गुंड्या लावायला मला हाक मारतेत. रात्री कुशीवर वळाचं तर मला वळवा लागते. आणि आवाज. पहिले आमच्या घरी बोलले तर चौकात ऐकू जाये. आता मी म्हणतो, मोठ्यानं बोला जी, तर म्हणतेत मोठ्यानंच तर बोलून रायलो.”

इतका वेळ मला वाटत होतं, ते परीक्षेमुळे हळू बोलतात.

 वामनजींनी डाव्या हाताकडे असं पाहिलं जसं एखाद्या जुन्या सोबत्याकडे पाहावं, ज्याच्याबद्दल कोणीतरी आत्ताच काहीतरी सांगितलंय.

“वामनजी,” मी म्हटलं, “मला बाहेर खरं सांगावं लागेल. उजवं खोटं आहे हे सांगितलं नाही तर डाव्याकडे कोणी बघणार नाही. सगळे पायच बघत राहतील.”

“मग माझा रोल गेला.”

“हो.”

“आणि तू बी जाशील. मॅडमच्या तोंडावर सांगशील का, का चार वर्षं तुम्हाला समजलं नाही?”

ह्याचा मी विचारच केला नव्हता.  तेवढ्यात पलीकडे कपबशा वाजल्या आणि पिंपळापुरे मॅडम पडदा सारून आत आल्या. त्यांच्यामागे बाहेरून आलेले परीक्षक, डॉ. नाडगौडा. उंच, किडकिडीत, पेनाचं टोपण दातांत धरायची सवय असलेले. ते बोलत कमी आणि पेन फार चावत, आणि विद्यार्थी त्या पेनालाच घाबरत.

“चालवून दाखवा पेशंटला,” ते म्हणाले.

वामनजी उठले. मला वाटलं, आता ते सरळ चालतील, माझं बोलणं त्यांना पटलं असेल. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जी चाल सुरू केली तशी मी चार वर्षांत पाहिली नव्हती. हात छातीशी घट्ट, खांदा झुकलेला, उजवा पाय असा भलाथोरला गोल काढत येई की खाटेच्या पायाला लागतो की काय. वळताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. अनसूयाबाईंनी तोंडाला पदर लावला, पण तो हसू दाबायला होता हे मला दिसलं.

पिंपळापुरे मॅडम कौतुकानं नाडगौडांकडे वळल्या. “अगदी क्लासिकल आहे, सर.”

“हं,” नाडगौडा मला म्हणाले. “चालीबद्दल सांगा.”

मी नेहमीसारखी मान खाली घातली. मग वामनजींचा डावा हात दिसला. सारा वेळ तो अंगाला चिकटून लटकत होता. उजवीकडे एवढा मोठा खेळ चालला होता आणि डावा हात साधा झुलतही नव्हता.

“सर,” मी म्हटलं, “चाल फार चांगली बसवलेली आहे.”

“बसवलेली?”

“म्हणजे ती खरी नाही. ते अभिनय करताहेत.”

पेन तोंडातून बाहेर आलं. मॅडमनी चष्मा काढला. “शलाका, विचार करून बोल. हे पेशंट सहा वर्षं आपल्याकडे येताहेत.”

“अर्धांगवायू खरा होता, मॅडम. उजव्या गुडघ्याचा झटका अजून वाढलेला आहे, तो खरा आहे. पण ताकद परत आली आहे. आपल्याच उपचारांनी आली असेल. आता आजार दुसरीकडे आहे. डावीकडे.”

मला माझाच आवाज ऐकू येत होता आणि तो चांगला खणखणीत होता, ह्याचं मला अजून नवल वाटतं. डावा हात झुलत नाही, अंगठा फिरतो, मनगट दातेरी येतं, आवाज बारीक झालाय, रात्री कुशीवर वळता येत नाही, सगळं मी सांगून टाकलं. “मला पार्किन्सनची शंका येते. निदान न्यूरॉलॉजिस्टनं करायचं. पण त्यांना तिकडे लगेच पाठवायला हवं.”

 वामनजी भिंतीपाशी एक पाय अर्ध्या गोलात ठेवून तसेच उभे होते, पडदा पडायची वाट पाहत असल्यासारखे.

नाडगौडा पुढे झाले. त्यांनी डावं मनगट धरलं, फिरवलं. मग म्हणाले, “अंगठा आणि बोट टेकवा. भराभर. असं.” वामनजींनी सुरू केलं. पहिली दोन-तीन वेळा बोट छान उघडलं, मग कमी, मग त्याहून कमी, आणि शेवटी ती दोन बोटं एकमेकांना नुसती चिकटून थरथरत राहिली. वामनजी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी जोर लावला. बोटं उघडली नाहीत.

“आता अभिनय न करता चाला,” नाडगौडा शांतपणे म्हणाले.

ते चालले. उजवा पाय सरळ पडत होता, पण पावलं बारीक होती, अंग जरा पुढे वाकलेलं. आधीच्या लंगडण्यापेक्षा हे चालणं कितीतरी लहान होतं. मॅडमनी चष्मा पुन्हा लावला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला वाटतं, त्याही डाव्या हाताकडेच पाहत होत्या.

“बरं,” नाडगौडा म्हणाले, “औषध डॉक्टर देतील. तुम्ही काय द्याल?”

“ह्या आजारात माणसाला वाटतं आपण पूर्ण हात हलवला, पण तो अर्धाच हललेला असतो. म्हणून सगळं मुद्दाम मोठं करायला शिकवायचं. मोठी पावलं, मोठे हातवारे, आवाज मोठा.”

“पुस्तकात आहे. करून दाखवा.”

मी वामनजींजवळ गेले. ते माझ्याशी नजर मिळवत नव्हते. “वामनजी, जमीनदाराची एंट्री दाखवता?”

“आता कायची एंट्री.”

“दाखवा ना जी,” अनसूयाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. “मी बी किती दिवसांत पाह्यली नाही.”

 ते हिरव्या पडद्यामागे गेले. तिथून आधी खाकरणं ऐकू आलं आणि मग जमीनदार आला. छाती पुढे, पाऊल असं टाकलेलं की फरशी वाजावी, आणि दोन्ही हात, डावाही, मोकळे झुलत होते. “कोण आहे रे तिकडे?” ते गरजले. “माझ्या वावरात पाय कोणी ठेवला?” बाहेरची नर्स दार उघडून आत डोकावली. नाडगौडांनी पेन खिशाला लावलं. वामनजींनी डाव्या हातानं मिशीला पीळ दिला.

संवाद संपला. टाळी वाजवावी की नाही हे कोणालाच कळेना. ते परत खाटेकडे निघाले आणि दोन पावलांतच चाल पुन्हा बारीक झाली. त्यांना स्वतःलाही ते कळलं. खाली बसताना ते डाव्या हाताला म्हणाले, “आत्ता तर चालत होता बे.”

मी पास झाले. पहिली वगैरे आले नाही. परीक्षेनंतर मॅडमनी मला बोलावलं आणि एवढंच म्हणाल्या, “पेशंटचं नाव सांगितलंस या वेळी.” न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली.

वामनजी फाटकापाशी ऑटोची वाट पाहत बसले होते. मी जवळ गेले तर तोंड फिरवलं. अनसूयाबाईंनी मला खुणेनं थांबवलं. तोंड न वळवताच ते म्हणाले, “मी कुठं सुटलो?”

“म्हणजे?”

“पकडलं कुठं? परीक्षेला एवढे लोक पाहून गेले. कोणाला दिसलं नाही.”

“तुम्ही चपलेची गोष्ट फार छान सांगितलीत.”

त्यांनी त्यावर विचार केला. ते उत्तर नटाला पटण्यासारखं होतं. मग हळू आवाजात, आता तो आवाज का हळू आहे हे मला ठाऊक होतं, विचारलं, “हे डावं बरं होते का?”

“नाही,” मी म्हटलं. “पण रोज काम केलं तर त्याचं वाढणं सावकाश करता येतं. बरंच सावकाश.”

ऑटो आला. ते बसले आणि गेले. पुढे कितीतरी दिवस आले नाहीत. मला वाटलं, गेले ते गेले.

मग एका सोमवारी ओपीडीच्या बाकावर रांगेत एक म्हातारा बसलेला दिसला. मी त्याच्यासमोरून दोनदा गेले. ओळखलंच नाही. इतका लहान होऊन बसला होता. हाताशी औषधांची पिशवी, बाजूला अनसूयाबाई.

“जसा आहो तसा आलो,” वामनजी म्हणाले. “आता मोठं करायला शिकवा.”

त्यांना शिकवणं हे माझ्या पहिल्या नोकरीचं काम झालं आणि पुढे माझं संशोधनही तेच झालं. त्याच आजाराची माणसं मी आठवड्यातून एकदा कॉलेजच्या हॉलमध्ये गोळा करायची आणि वामनजींना पुढे उभं करायची. कागदावर आम्ही त्याला बरंच भारदस्त नाव दिलं होतं. वामनजी त्याला तालीम म्हणत.

पहिल्या तालमीला एक निवृत्त पोस्टमास्तर आले होते, लांजेवार नावाचे. हात मांडीवर, तोंडातून शब्द निघाला तर शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये. वामनजींनी त्यांना उभं केलं.

“नाव सांगा.”

लांजेवारांचे ओठ हलले.

“मागच्या रांगेत एक बाई बसली आहे,” वामनजी म्हणाले. “चार कोस चालून आली. तिला ऐकू जायला पाह्यजे. हात वर करा. अजून. आता श्वास घ्या, पोटातून. सांगा.”

लांजेवारांनी दोन्ही हात डोक्यावर नेले, डोळे मिटले आणि आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, अशा आवाजात पुकारलं की हॉलच्या बाहेर बसलेले सारे पेशंट वळून दाराकडे पाहायला लागले. लांजेवारांनी डोळे उघडले. ते स्वतःच दचकले होते.

वामनजींनी मान डोलावली. “आता दुसरी एंट्री,” ते म्हणाले आणि पुढच्या माणसाचा हात धरला.